खोली वाढवताय? आधी खाली वाकून बघा!

मार्च महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कच्या कँटीनमध्ये जरा कान देऊन बसा. अप्रेझल, स्विच, फ्लॅटचा ईएमआय हे विषय संपले की चौथा विषय हमखास निघतो. ‘गावाकडे एक रूम वाढवतोय रे. अटॅच्ड बाथरूम, एसी, सगळं. आईबाबांना जरा आराम.’ मग टाइल्स व्हिट्रिफाइड घ्यायच्या की साध्या, एसी एक टनाचा की दीड टनाचा, वॉर्डरोबला स्लायडिंग दार की साधं, यावर अर्धा तास चर्चा रंगते. त्या खोलीच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही. एसीचं बिल आणि आईबाबांची झोप, दोन्ही त्यावर ठरतं, तरीही!

आमच्या यवतमाळच्या घरी हा प्रश्न विचारावाच लागला. २०२४च्या मे महिन्यात बाबांना ऊन लागलं. भर उन्हात फिरले वगैरे काही नाही. तीन रात्री नीट झोप नव्हती, चौथ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. एक दिवस सलाइनवर काढला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पंचेचाळीस अंशांची दुपार शरीर कसंबसं सोसतं, पण त्यानंतर रात्रीही थंडावा मिळाला नाही, तर वयस्कर माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. आमच्या जुन्या बेडरूमचा स्लॅब रात्री बारा वाजताही हाताला चटका देईल इतका गरम असतो. दिवसभर प्यालेलं ऊन तो रात्रभर खोलीत ओकत राहतो. कूलर आहे, खसच्या ताट्याही आहेत, पण हॉलमध्ये. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते आणि रात्री खिडकी उघडी ठेवायची आईची तयारी नसते.

म्हणून ठरलं की आईबाबांसाठी एक नवी खोली. वर बांधायची नाही, कारण आईचे गुडघे. खालीच, घराच्या मागच्या बाजूला. बारा बाय पंधरा.

इथे खरी गंमत सुरू झाली. यवतमाळ गाव काही सपाट पाटावर वसलेलं नाही. आमचा प्लॉट मागे नाल्याकडे उतरतो. घराचं जोतं पुढून दीड फूट आहे, तर मागे जमीन चांगली साडेतीन फूट खाली. नव्या खोलीची फरशी जुन्या घराच्या लेव्हलला आणायची, तर मध्ये साडेतीन फुटांची पोकळी उरणार. तिचं करायचं काय?

मुरूम की मोकळं?

नेहमीचं उत्तर मुरूम. चारी बाजूंनी भिंत उचला, आत मुरूम भरा, पाणी मारा, ठोका, वर कोबा आणि फरशी. हिशोब केला. बारा गुणिले पंधरा गुणिले साडेतीन म्हणजे ६३० घनफूट, सव्वासहा ब्रासच्या वर. ठोकून दबल्यावर एवढा भराव उरायचा, तर आणताना त्याहून बराच जास्त आणावा लागतो. पैसे ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट आमची जमीन. नाल्याच्या बाजूला काळी माती आहे, आपली कापसाची. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर साडेतीन फूट भराव टाकून फरशी बसवली, की दोन-चार वर्षांत कुठेतरी टाइल पोकळ वाजायला लागणार. अशा जमिनीत घराचं वजन खोलवर नेऊन ठेवतात आणि जोत्याच्या बीमखाली मुद्दाम थोडी फट सोडतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (तीच ती सीबीआरआय) खाली फुगवटा असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल काढले, ते याच काळ्या मातीच्या दुखण्यावर.

तेव्हा कॉलम, बीम आणि वर स्लॅब, असं ठरलं. खाली मोकळी जागा राहणार.

‘मग राहू द्या तशीच मोकळी,’ बाबा म्हणाले. ‘खालून वारा खेळेल. गार राहील.’

ऐकायला किती छान वाटतं ना? पण एप्रिल-मेमध्ये यवतमाळचा वारा म्हणजे भट्टीचं दार उघडल्यावर येते ती झळ. मिस्त्रींचा आक्षेप वेगळाच होता. ‘उघडं ठेवसान तं कुत्रे पिल्लं देतीन तिथं,’ ते म्हणाले. ‘अन् पावसात साप-विंचू येतीन ते वेगळेच.’

रांगायची जागा

एवढ्यात व्हॉट्सअॅप कॉलवर दादा उगवला. दादा-वहिनी नॉर्थ कॅरोलिनात, केरी नावाच्या गावात राहतात. आयटीतल्या मराठी मंडळींची तिथे चांगलीच वस्ती आहे. त्यांनीही तीन वर्षांपूर्वी घराला एक खोली जोडली. कुणासाठी? अर्थात आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिजिटवर जातात त्यासाठी. म्हणजे एकाच आईबाबांसाठी जगाच्या दोन टोकांना दोन खोल्या!

‘अगं, ही तर क्रॉल स्पेस झाली!’ दादा म्हणाला. शब्दशः रांगायची जागा. अमेरिकेतली लाकडी घरं बऱ्याचदा जमिनीला न टेकता अशा दोन-चार फुटांच्या पोकळीवर उभी असतात. पाण्याचे पाइप, वायरी, एसीचे डक्ट सगळं तिच्यातून जातं आणि दुरुस्तीला माणूस खरंच रांगत आत शिरतो. तिथे पिढ्यानपिढ्या एक नियम चालत आला होता की या पोकळीच्या भिंतींना झरोके ठेवायचे, म्हणजे हवा खेळेल आणि ओल राहणार नाही. बाबांचंच लॉजिक!

पण तिकडच्या दमट भागात झालं उलटंच. उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा झरोक्यांतून आत शिरायची आणि खालच्या थंड जमिनीला, पाइपांना, लाकडाला लागून तिचं पाणी व्हायचं. फ्रिजमधून काढलेली बाटली ओट्यावर ठेवली की बाहेरून ओली होते ना, अगदी तसंच. मग बुरशी, कुजलेलं लाकूड आणि घरभर कुबट वास. २०००च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातच, प्रिन्सविल नावाच्या छोट्या गावात, अॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने एकसारखी बारा घरं घेऊन तुलना केली. काहींच्या पोकळीला झरोके ठेवले, काहींची पूर्ण बंद केली. बंद पोकळ्या कितीतरी कोरड्या राहिल्या आणि त्या घरांचा हीटिंग-कूलिंगचा खर्च १५ टक्क्यांच्या आसपास कमी आला. तेव्हापासून तिकडची हवाच पालटली. झरोके बंद करा, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, इन्सुलेशन फरशीच्या पोटाला न लावता पोकळीच्या भिंतींना लावा आणि घरातलीच थोडी हवा खाली सोडा. या पद्धतीला म्हणतात ‘कंडिशन्ड’ क्रॉल स्पेस. किती हवा सोडायची हेही तिथल्या कोडमध्ये लिहिलेलं आहे. दर ५० चौरस फुटांमागे मिनिटाला एक घनफूट.

दादाने नव्या खोलीखाली हे सगळं केलं होतं. आधी त्याने नुसती फरशी घातली होती. पहिल्याच जानेवारीत आई खोलीत दोन मोज्यांवर चप्पल घालून फिरत होती!

‘तेच आपल्याकडे करा. कॉपी-पेस्ट,’ दादा म्हणाला.

मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, ‘ताई, दादाले सांगा, खालून कायची गरमी येते वो? जमीन तं थंडीच रायते. डोक्यावर पाहा, डोक्यावर!’

इस्त्रीचं गणित

दोघंही अर्धे बरोबर होते. हे मला समजावलं एका आर्किटेक्ट मैत्रिणीने, कागदावर आकडे मांडून.

तिने आधी विचारलं, ‘कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला मे महिन्यात गेली आहेस ना? पायऱ्या उतरून खाली गेल्यावर काय वाटतं?’ नागपूर रस्त्यावरच्या कळंबचं ते गणपतीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. वर रस्ता तापलेला असतो, आणि खाली पायाला फरशी गार लागते. त्यात चमत्कार काही नाही. जमिनीत काही मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळा जवळजवळ कळेनासा होतो. तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. विदर्भात ही सरासरी २७-२८ अंशांच्या घरात आहे. दादाच्या केरीत ती १६च्या आसपास.

सगळी मेख इथे आहे! १६ अंशांच्या जमिनीवर आईचे पाय गारठतात. २७-२८ अंशांची जमीन बाहेर ४४ असताना फुकटचा एसीच समजा. तिच्यापासून फरशी तोडायची कशाला? म्हणून आपल्याकडे जमिनीला टेकलेल्या फरशीखाली इन्सुलेशन घालणं म्हणजे पैसे खर्चून गारवा बाहेर ठेवणं. मिस्त्री बरोबर.

पण आमची फरशी जमिनीला टेकलेली कुठे होती? खाली उघडी पोकळी म्हणजे खोलीच्या पोटाला थेट झळ. तिने आकडे मांडले. १८० चौरस फूट स्लॅब, खाली ४२ अंशांची हवा, वर एसीने केलेले २६ अंश. नुसत्या फरशीतून साधारण साडेसातशे वॅट उष्णता आत येत राहणार. म्हणजे घरातली साधी इस्त्री पलंगाखाली चालू करून ठेवल्यासारखं! पोकळी बंद केली आणि जमिनीच्या संगतीने ती ३०-३१ अंशांवर राहिली, तर हाच आकडा दोनशेच्या आसपास येतो. पोकळी बंद करा म्हणणारा दादा बरोबर.

आणि डोक्यावर? मे महिन्याच्या दुपारी उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जातो. तिथून येणारी उष्णता दीड-पावणेदोन हजार वॅट, म्हणजे आणखी दोन इस्त्र्या. त्या संध्याकाळी उशिरापर्यंत चालू राहतात, कारण स्लॅब सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दीड टनाचा एसी सव्वापाच हजार वॅटच्या हिशोबाने उष्णता उपसतो. (हा ‘टन’ कुठून आला माहितीये? एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी म्हणजे एक टन. एसीच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.) त्यातला जवळजवळ अर्धा एसी आपण या तीन इस्त्र्यांशी झुंजायलाच विकत घेतो.

सरकारी नियम काय म्हणतात तेही पाहिलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतातून किती उष्णता झिरपावी याची मर्यादा दिलेली आहे. छताचा ‘यू-व्हॅल्यू’ १.२ च्या वर नको. आपल्या नुसत्या काँक्रीट स्लॅबचा तीनच्या वर असतो. दोन-पाच खोल्यांच्या घराला ही संहिता कुणी विचारत नाही हे खरं, पण आकडा लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

प्लास्टिक, फोम आणि एक कॉम्प्युटरचा पंखा

शेवटी काय केलं ते सांगते.

कॉलमांच्या मध्ये, तीन उघड्या बाजूंना नऊ इंची विटांची भिंत. चौथ्या बाजूला जुन्या घराचं जोतं होतंच. आतल्या जमिनीवरची माती सारखी करून उधईचं औषध मारलं आणि त्यावर जाड काळं प्लास्टिक अंथरलं. जोडाला फूटभर एकावर एक आणि कडा भिंतीवर वर चढवून चिकटवलेल्या. भिंतींना आतून दोन इंची फोमच्या पाट्या लावल्या. साधं थर्माकोल नाही, त्याहून घट्ट एक्सपीएस. ते नागपूरहून मागवावं लागलं. फोम जळतो, म्हणून उघडा न ठेवता त्यावर जाळी मारून प्लास्टर केलं. स्लॅबच्या पोटाला काहीच लावलं नाही. जमिनीलाही नाही.

फोम वरपर्यंत नेला नाही. वरची चार बोटं वीट उघडी ठेवली. ही युक्ती दादाची. उधई मातीची नळी करत भिंतीवरून वर चढते आणि फोमच्या आड ती दिसत नाही. उघड्या पट्टीवर टॉर्च मारला की लगेच कळतं. आमच्या दारांच्या चौकटी सागवानी आहेत, त्यामुळे या चार बोटांवर बाबा भलतेच खूश होते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा कितीही दमट असली, तरी २७-२८ अंशांच्या जमिनीवर तिचं सहसा पाणी होत नाही. दादाकडे होतं तसं इथे होणार नाही. पण एसी लावून वरची फरशी गार केली, तर स्लॅबच्या पोटाशी घाम धरू शकतो. तो ओलावा प्रामुख्याने खालच्या मातीतून येणार, म्हणून प्लास्टिक. याच प्लास्टिकने दुसरंही काम होतं. काळ्या मातीतली ओल बाराही महिने साधारण सारखी राहते, म्हणजे तिचं फुगणं-आकसणं कमी. बाहेरून भिंतीला लागून तीन फूट रुंद उताराचा कोबा केला तोही त्यासाठीच.

उरला ‘कंडिशन्ड’ शब्द. हिशोबाने १८० चौरस फुटांना मिनिटाला साडेतीन-पावणेचार घनफूट हवा पुरते. त्यासाठी डक्ट-बिक्ट कशाला? स्लॅबमध्ये चार इंची पाइपाचा तुकडा सोडला, त्यावर जाळी. समोरच्या भिंतीत जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला. तो पोकळीतली हवा बाहेर ओढतो आणि खोलीतली कोरडी, गार हवा जाळीतून खाली उतरते. पंखा एसीच्या बरोबर चालू, एसीच्या बरोबर बंद. एसी २४ वर. (२०२० पासून नवे एसी कंपनीतूनच २४ वर सेट होऊन येतात. ते १८ वर नेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.)

बाबांची एक आयडिया मात्र हाणून पाडली. कूलर त्या गार पोकळीतली हवा ओढेल असा बसवायचा, म्हणजे डबल थंडावा! मैत्रीण म्हणाली, काका, मग मातीचा वास, औषधाची वाफ आणि उंदरांचं जे काय असेल ते, सगळं नाकात घेऊन झोपा.

तिने आणखी दोन गोष्टी बजावल्या, त्या इथे जशाच्या तशा देते, कारण बंद पोकळी दिसली की आपला हात तिथे अडगळ ठेवायला शिवशिवतो. गॅस सिलिंडर तिथे किंवा तिच्या दारापाशीही ठेवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खालची जागा शोधतो आणि साचून राहतो. आणि इन्व्हर्टरची बॅटरी नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पोकळीच्या लोखंडी दाराला रबरी पट्टी आणि कुलूप आहे, आणि किल्ली आईकडे!

छतावर चार इंची ब्रिकबॅट कोबा, त्याखाली फोमचा एक थर आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. खर्च या कामाला खालच्यापेक्षा जास्त झाला आणि फायदाही याचाच जास्त. मिस्त्रींनी ते मला दोनदा ऐकवलं.

लाइन गेली तेव्हा

२०२५चा मे अवकाळी पावसाने मवाळच गेला. खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. त्या महिन्यात विदर्भ पुरता भाजून निघत होता आणि मी पंधरा दिवस घरीच होते. ऑनलाइन मागवलेले दोन स्वस्त डिजिटल थर्मामीटर, एक खोलीत, एक खाली पोकळीत. एका दुपारी बाहेर ४४ आणि खाली ३१. जुन्या बेडरूमची फरशी आणि नव्या खोलीची फरशी अनवाणी चालून पाहिली, तर फरक पायालाच कळतो, थर्मामीटर लागत नाही.

त्याच आठवड्यात संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, कुठेतरी झाड पडलं आणि लाइन गेली. रात्री नऊला गेलेली लाइन पहाटे साडेतीनला आली. अशा वेळी एसी म्हणजे भिंतीवरचा पांढरा डबा. इन्व्हर्टरवर फक्त पंखा. जुन्या बेडरूममध्ये मी अर्ध्या तासात घामाघूम होऊन गच्चीवर गेले. नव्या खोलीत लाइन गेली तेव्हा २६ होते. लाइन आली तेव्हा थर्मामीटर २९ दाखवत होता. बाबा मधे एकदा पाणी प्यायला उठले आणि ‘लाइन केव्हा गेली?’ असं मला विचारून परत झोपले.

जुलैत आणि सप्टेंबरमध्ये मिस्त्रींनी दार उघडून, टॉर्च घेऊन, खरोखर रांगत आत जाऊन पाहिलं. स्लॅबचं पोट कोरडं. उघड्या पट्टीवर नळी नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक जोड सुटला होता आणि तिथे तळहाताएवढी ओल होती. तो पुन्हा चिकटवला. शिवाय एक पाल. ती आत कशी गेली हे अजून कुणाला कळलेलं नाही. आई म्हणते, तिला राहू दे.

आता जुन्या बेडरूमचा नंबर. तिच्याखाली चांगला मुरूम आहे, त्याला हात लावायचा नाही. तिथे फक्त डोक्यावरचं काम, आणि बजेट संपल्यामुळे या वर्षी नुसता चुन्याचा पांढरा हात. चुना वणीकडचा. मिस्त्री दसरा झाल्यावर येतो म्हणालेत.